हँडहेल्ड जीपीएसमध्ये लिथियम सेल वापरताना

कोयनेच्या खोऱ्यात उतरल्यावर मोबाइलची रेंज बऱ्याच ठिकाणी जाते. मोबाइलमधला जीपीएस रेंज नसतानाही चालतो, हे खरे. पण त्याची बॅटरी एकच असते, ती फोटो, टॉर्च आणि रेंज शोधण्याच्या धडपडीत खर्च होते, आणि बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून वासोट्याच्या जंगलात शिरल्यावर ती संपली तर तिच्या जागी दुसरी घालता येत नाही. हँडहेल्ड जीपीएसचे, म्हणजे हातात धरायच्या स्वतंत्र जीपीएस यंत्राचे, खरे बळ इथे आहे. त्याच्या पाठीमागचे झाकण उघडले, दोन पेन्सिल सेल (एए आकाराचे) बदलले, की यंत्र पुन्हा पहिल्यासारखे कामाला लागते. म्हणूनच यंत्राची निवड करताना आपण जेवढा विचार करतो, तेवढाच त्यात घालायच्या सेलांचा करायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

गेल्या काही वर्षांत डोंगरात जाणाऱ्या मंडळींमध्ये, तसेच माण-खटाव भागात पाणलोटाची कामे मोजणाऱ्या गावकऱ्यांमध्ये आणि कार्यकर्त्यांमध्ये ‘जीपीएसला लिथियमचेच सेल घाला’ हा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ‘लिथियम’ या एका नावाखाली पेन्सिल सेलाच्याच आकाराच्या तीन वेगवेगळ्या वस्तू बाजारात मिळतात. त्यांतली एक जीपीएससाठी उत्तम आहे, दुसरी अटी सांभाळून वापरण्याजोगी आहे आणि तिसरी यंत्र कायमचे निकामी करू शकते. शिवाय लिथियम सेल संपण्याची पद्धत अल्कलाइन सेलांपेक्षा इतकी निराळी आहे, की पडद्यावरच्या बॅटरीच्या चित्रावर विसंबणारा माणूस नेमका गरजेच्या वेळी अडचणीत येतो. या दोन गोष्टी नीट समजल्या, तर उरलेले सगळे सोपे आहे.

तीन प्रकारचे लिथियम

पहिला प्रकार म्हणजे एकदाच वापरायचा, चार्ज न होणारा लिथियम सेल. त्यात लिथियम धातू आणि आयर्न डायसल्फाइड असते आणि त्याचे नाममात्र व्होल्टेज १.५ व्होल्ट असते, म्हणजे नेहमीच्या अल्कलाइन सेलाएवढेच. एनर्जायझर कंपनीचा ‘अल्टिमेट लिथियम’ हा या प्रकारातला सर्वांत परिचित सेल आहे. नवा सेल मल्टिमीटरवर, म्हणजे व्होल्टेज मोजण्याच्या उपकरणावर, मोजला तर १.८ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण यंत्र चालू होऊन सेलावर भार येताच तो १.५ व्होल्टजवळ उतरतो. असा एक सेल साधारण १५ ग्रॅम भरतो, तर अल्कलाइन सेल साधारण २३ ग्रॅम भरतो. हा फरक हातातही जाणवतो. सोनाराकडच्या किंवा स्वयंपाकघरातल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तो लगेच पकडता येतो आणि बनावट माल ओळखण्याचा तो एक सोपा मार्गही आहे. चार्ज न होणारा लिथियम सेल म्हणून दिलेली वस्तू काट्यावर २३ ग्रॅम भरत असेल, तर वेष्टनाच्या आत बहुधा साधा अल्कलाइन सेल आहे.

दुसरा प्रकार म्हणजे चार्ज होणारा १.५ व्होल्टचा लिथियम-आयन सेल. हल्ली ऑनलाइन खरेदीत हाच सर्वांत जास्त डोळ्यांसमोर येतो. त्याच्या पोटात ३.७ व्होल्टचा छोटा लिथियम-आयन सेल असतो आणि त्याच्या डोक्यावर एक इवलेसे इलेक्ट्रॉनिक सर्किट असते, जे ते व्होल्टेज कमी करून बाहेर १.५ व्होल्ट देते. काहींच्या अंगावरच चार्जिंगसाठी यूएसबी-सी खाच असते, तर काहींना त्यांचा स्वतःचा चार्जर लागतो. एनआयएमएच सेलांचा, म्हणजे आपण ज्यांना नुसते ‘चार्जिंगचे सेल’ म्हणतो त्यांचा, चार्जर यांना कधीही लावू नये.

या प्रकारात खरेदी करताना आकडे नीट वाचावे लागतात. वेष्टनावर ठळक अक्षरांत ३००० किंवा ३६०० छापलेले असते आणि शेजारी बारीक अक्षरांत ‘एमडब्ल्यूएच’, म्हणजे मिलिवॉट-तास, असे एकक असते. चार्जिंगच्या सेलांवर मात्र ‘एमएएच’, म्हणजे मिलिअँपिअर-तास, हे एकक असते. दोन्हींची थेट तुलना करता येत नाही. ३००० मिलिवॉट-तासांना १.५ व्होल्टने भागले की २००० मिलिअँपिअर-तास होतात. उलट बाजूने पाहायचे तर २००० मिलिअँपिअर-तासांच्या चांगल्या एनआयएमएच सेलात १.२ व्होल्टच्या हिशेबाने २४०० मिलिवॉट-तास ऊर्जा असते. म्हणजे लिथियम-आयन सेल सरस आहे, पण वेष्टनावरच्या आकड्यांवरून वाटतो तेवढा नाही. एकदाच वापरायच्या लिथियम सेलात मात्र जीपीएससारख्या कमी भाराच्या यंत्रात साधारण ४५०० मिलिवॉट-तासांच्या आसपास ऊर्जा मिळते, आणि या तिघांमध्ये त्याचा पहिला क्रमांक निर्विवाद आहे.

तिसऱ्या प्रकाराबद्दल मी सर्वांत जास्त आग्रहाने सांगतो. ‘१४५००’ या क्रमांकाचा लिथियम-आयन सेल पेन्सिल सेलाच्याच आकाराचा असतो. या क्रमांकातले पहिले दोन अंक व्यास सांगतात, म्हणजे १४ मिलिमीटर, आणि पुढचे दोन लांबी, म्हणजे ५० मिलिमीटर. तो टॉर्चसाठी विकला जातो आणि जीपीएसच्या खोबणीत अगदी बरोबर बसतो. पण त्याचे व्होल्टेज ३.७ असते आणि पूर्ण चार्ज केल्यावर ते ४.२ पर्यंत जाते. हँडहेल्ड जीपीएसमध्ये दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे यंत्राला सुमारे ३ व्होल्ट मिळणे अपेक्षित असते. तिथे असे दोन सेल घातले तर ८.४ व्होल्ट जातात आणि आतले सर्किट जळते. हा सेल जीपीएसच्या पिशवीत तर नकोच, पण ज्या डब्यात जीपीएसचे सेल ठेवता त्या डब्यातही नको; कारण पहाटे अंधारात सेल बदलताना हात जो सेल पकडतो, तो आकारावरून ओळखू येत नाही.

दुकानदाराच्या सांगण्यावर न विसंबता स्वतः ओळख पटवायची असेल, तर वेष्टनावरचा आंतरराष्ट्रीय संकेत वाचावा. चार्ज न होणाऱ्या लिथियम सेलावर ‘एफआर६’ असे लिहिलेले असते, अल्कलाइनवर ‘एलआर६’, एनआयएमएचवर ‘एचआर६’, आणि भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या स्वस्त कार्बन-झिंक सेलावर नुसते ‘आर६’. घड्याळाचे हे सेल जीपीएससाठी अजिबात उपयोगी नाहीत. त्यांना तेवढा भार पेलत नाही. साताऱ्यात किंवा सांगलीत साध्या किराणा दुकानात लिथियम पेन्सिल सेल सापडण्याची अपेक्षा ठेवू नये. ते आधीच मागवून ठेवावेत, आणि मागवताना ज्या विक्रेत्याच्या मालावर कंपनीचे नाव, संकेत आणि वापरण्याची मुदत स्पष्ट छापलेली आहे, त्याच्याकडूनच घ्यावेत. या सेलांची साठवणुकीची मुदत २० वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक सांगितलेली असते, त्यामुळे वेष्टनावर बरेच पुढचे साल दिसले तर ती छपाईची चूक समजू नये.

यंत्राला सेलाचा प्रकार सांगणे

सेल घालण्यापूर्वी यंत्राची माहितीपुस्तिका उघडून त्यात लिथियम सेल चालतात असे लिहिले आहे का, एवढे पाहून घ्यावे. गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्स आणि जीपीएसमॅप ६४ यांसारख्या पेन्सिल सेलांवर चालणाऱ्या यंत्रांत ते चालतात, आणि तिथे मेनूतच प्रकार निवडण्याची सोय असते. मुख्य मेनूतून ‘सेटअप’मध्ये जावे, तिथून ‘सिस्टिम’मध्ये, आणि तिथल्या बॅटरीच्या प्रकाराच्या ओळीवर ‘अल्कलाइन’, ‘लिथियम’ किंवा ‘एनआयएमएच’ यांपैकी जो सेल घातला आहे तो निवडावा. यंत्रानुसार शब्दांत थोडा फरक पडतो, जागा साधारण हीच असते.

ही निवड का महत्त्वाची आहे, हे समजून घेतले तर ती कधी विसरणार नाही. सेलात किती ऊर्जा उरली आहे हे यंत्राला थेट कळत नाही. त्याला फक्त व्होल्टेज मोजता येते, आणि त्यावरून ते उरलेल्या ऊर्जेचा अंदाज बांधते. अल्कलाइन सेलाचे व्होल्टेज पहिल्या तासापासून हळूहळू उतरत जाते, त्यामुळे हा अंदाज बऱ्यापैकी जमतो. एनआयएमएच सेल जवळजवळ सगळा वेळ १.२ व्होल्टच्या आसपास राहतो. त्यामुळे यंत्र ‘अल्कलाइन’वर ठेवले असेल, तर पूर्ण चार्ज केलेला सेलही त्याला अर्धा संपलेला वाटतो. लिथियम सेल बराच काळ १.५ व्होल्टच्या जवळ टिकून राहतो, म्हणून ‘अल्कलाइन’वर ठेवलेल्या यंत्राला तो संपत आला तरी भरलेलाच दिसतो. योग्य प्रकार निवडल्याने सेल जास्त टिकत नाही. फक्त पडद्यावरचे चित्र आणि ‘बॅटरी लो’ ही सूचना सत्याच्या थोडी जवळ येते.

चार्ज होणाऱ्या १.५ व्होल्टच्या लिथियम सेलांसाठी मात्र मेनूतला कोणताच पर्याय खरा ठरत नाही. त्यातले सर्किट शेवटपर्यंत ठरावीक व्होल्टेज देते आणि आतला सेल रिकामा होताच पुरवठा तोडते. यंत्राला आधी काहीच कळत नाही. काही सेलांत शेवटच्या टप्प्यात व्होल्टेज मुद्दाम उतरवण्याची व्यवस्था असते. तसा सेल मिळाला तर तो निवडावा, म्हणजे निदान थोडी आगाऊ सूचना मिळते. याच सेलांमधले सर्किट काही वेळा रेडिओलहरींत खरखर निर्माण करते आणि उपग्रहांकडून येणारा अतिशय दुबळा संदेश पकडण्यात अडथळा आणते. त्याची परीक्षा घरच्या गच्चीवर करता येते. मोकळ्या आभाळाखाली एकाच जागी यंत्र ठेवून आधी साध्या सेलांवर आणि लगेच नंतर या सेलांवर उपग्रहांच्या पानावरच्या सिग्नलच्या पट्ट्या आणि दाखवलेली अचूकता यांची तुलना करावी. पट्ट्या स्पष्ट उतरत असतील तर ते सेल कॅमेऱ्याच्या फ्लॅशला किंवा टॉर्चला वापरावेत. गर्द झाडीत, जिथे सिग्नल मुळातच कमी असतो, तिथे ते नेऊ नयेत.

चित्रावर नव्हे, तासांवर विसंबा

लिथियम सेल जवळजवळ अखेरपर्यंत जोमाने काम करतो आणि मग थोड्या वेळात संपतो. गुणही हाच आणि धोकाही हाच. म्हणून लिथियम वापरणाऱ्याने पडद्यावरच्या पट्ट्या मोजण्याची सवय सोडून तास मोजण्याची सवय लावून घ्यावी, हा या साऱ्या लेखनातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा सल्ला आहे.

कंपनीने सांगितलेले तास हा केवळ आरंभबिंदू आहे. गार्मिन ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्ससाठी दोन सेलांवर २५ तासांपर्यंत, तर जीपीएसमॅप ६४ साठी १६ तासांपर्यंत असा आकडा देते. पण तो ठरावीक परिस्थितीतला असतो. आपल्या यंत्राचा खरा आकडा घरीच काढता येतो आणि त्यासाठी घड्याळ घेऊन बसावेही लागत नाही. नवे किंवा पूर्ण चार्ज केलेले सेल घालावेत, डोंगरात जी सेटिंग्ज ठेवता तीच ठेवावीत, ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, सुरू करावा आणि यंत्र गच्चीवर, पण थेट उन्हात नव्हे, आभाळ दिसेल असे ठेवून द्यावे. यंत्र बंद पडल्यावर दुसरे सेल घालून तो ट्रॅक उघडला, की पहिल्या आणि शेवटच्या बिंदूंच्या वेळा त्यातच नोंदलेल्या सापडतात. त्यांतला फरक म्हणजे तुमचे तास. एकदाच वापरायचे लिथियम सेल या चाचणीत खर्च करणे जिवावर येते, हे मला मान्य आहे. पण एक जोडी अशी खर्च केल्याने पुढच्या प्रत्येक जोडीचा हिशेब पक्का होतो, आणि चार्ज होणाऱ्या सेलांच्या बाबतीत तर हा खर्चही नाही. चार्ज होणारे सेल जुने होत जातात तशी त्यांची क्षमता घटते, म्हणून त्यांची ही चाचणी दरवर्षी पावसाळा संपला की पुन्हा करावी.

मिळालेल्या आकड्यातला सगळा वेळ हिशेबात धरू नये. घरच्या चाचणीत आपण पडदा वारंवार पाहत नाही, नकाशा सरकवत नाही, बॅकलाइट लावत नाही. प्रत्यक्ष वाटेवर हे सगळे होते. चाचणीत मिळालेल्या तासांपैकी तीन चतुर्थांशच गृहीत धरले तर हिशेब सुरक्षित राहतो. वासोट्यासारख्या एका दिवसाच्या चालीला, जिथे वन विभागाच्या नियमानुसार संध्याकाळपूर्वी परत फिरावेच लागते, एक ताजी जोडी सहज पुरते आणि दुसरी पिशवीत राखीव राहते. दोन-तीन दिवसांच्या भटकंतीत मात्र रोज सकाळी नव्याने विचार करायला हवा: या जोडीचे किती तास झाले आणि आजच्या चालीला किती लागतील? हिशेब काठावर येत असेल, तर निघतानाच, तळावर कोरड्या जागी बसून सेल बदलावेत. अर्धवट वापरलेली जोडी वाया जात नाही. ती तळावरच्या कामाला किंवा घरी परतल्यावर वापरता येते.

अर्धवट वापरलेल्या जोडीचे उरलेले तास मल्टिमीटरवर कळत नाहीत, कारण व्होल्टेज जवळजवळ सपाट राहते. ते लिहूनच ठेवावे लागतात. त्यासाठी सेलाच्या वेष्टनावर न पुसणाऱ्या मार्करने जोडीचा क्रमांक लिहावा, आणि प्रत्येक वापरानंतर तासांचा आकडा. कागदी टेप गुंडाळून त्यावर लिहू नये. टेपमुळे सेलाची जाडी वाढते, काही यंत्रांच्या खोबणीत तो घट्ट अडकतो, आणि मग तो काढताना चाकूचे टोक घालण्याचा मोह होतो. त्या टोकाने वेष्टन फाटले तर खालचे धातूचे आवरण उघडे पडते आणि शॉर्ट सर्किटचा धोका निर्माण होतो.

तास वाढवायचे असतील तर सेलांपेक्षा सेटिंग्जमध्ये जास्त फायदा आहे. बॅकलाइट हा सर्वांत मोठा खर्च. दिवसा तो बंद ठेवावा आणि आपोआप विझण्याची वेळ कमीत कमी ठेवावी, कारण या यंत्रांचे पडदे उन्हात बॅकलाइटशिवाय अधिक स्पष्ट दिसतात. एकाहून अधिक उपग्रहमालिका एकत्र वापरल्या तर खर्च वाढतो. माणच्या उघड्या माळावर, जिथे सारे आभाळ मोकळे असते, तिथे त्यांची गरज फारशी भासत नाही. कोयनेच्या झाडीत किंवा मकरंदगडाच्या दरीकडच्या अंगाला मात्र त्या चालू ठेवलेल्याच बऱ्या. इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आणि इतर यंत्रांशी बिनतारी जोडणी लागत नसेल तेव्हा बंद ठेवावी.

बसवताना आणि बदलताना

यंत्र आधी बटणाने बंद करावे आणि मगच झाकण उघडावे. चालू यंत्रातले सेल उपसले तर ट्रॅकचे शेवटचे बिंदू जतन होण्याआधीच जाऊ शकतात. ईट्रेक्सच्या पाठीवर एक अर्धवर्तुळाकार कडी असते. ती उभी करून घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवली की झाकण मोकळे होते. झाकणाच्या कडेने पाणी अडवणारे रबर असते. सेल बदलताना दरवेळी त्यावरून स्वच्छ, कोरडे बोट फिरवून वाळूचा कण किंवा गवताचा तुकडा अडकलेला नाही ना, हे पाहावे. ‘आयपीएक्स७’ दर्जा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची क्षमता, ही झाकण नीट बसले असेल तरच खरी. एवढ्याशा कणाने ती संपते.

दोन्ही सेल एकाच प्रकारचे, एकाच कंपनीचे आणि सारखेच वापरलेले असावेत. एक लिथियम आणि एक अल्कलाइन, किंवा एक नवा आणि एक जुना, अशी जोडी कधीही लावू नये. सेल एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे दोन्हींतून सारखाच प्रवाह जातो. दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि तरीही दुसरा सेल त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतो. मग तो उलटा भारित होऊ लागतो, तापतो आणि गळूही शकतो. जोडीला क्रमांक देण्याचे दुसरे कारण हेच आहे.

यंत्रात आधी अल्कलाइन सेल महिनोन्महिने पडून राहिले असतील, तर लिथियम घालण्यापूर्वी स्प्रिंगा आणि पत्र्याची टोके पाहावीत. पांढरी किंवा हिरवट भुकटी दिसली, तर अल्कलाइन सेलातून गळलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा तो अंश असतो. तो उघड्या हाताने न खरवडता कानकोरण्याच्या कापसावर लिंबाच्या रसाचे किंवा व्हिनेगरचे एक-दोन थेंब घेऊन पुसावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने टोक स्वच्छ करावे आणि पूर्ण वाळू द्यावे. लिथियम सेल गळण्याचे प्रमाण फारच कमी आहे. जे यंत्र वर्षातून मोजक्या वेळा बाहेर निघते त्याच्यासाठी मी लिथियम सुचवतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे. तरीही जास्त दिवस वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवणेच उत्तम.

यंत्र यूएसबी तारेने पॉवर बँकेला जोडून चालवता येते, पण बहुतेक यंत्रांत त्याने पेन्सिल सेल चार्ज होत नाहीत. काही यंत्रांत कंपनीचा स्वतःचा एनआयएमएच संच बसवून तो आतच चार्ज करण्याची सोय असते. अशा यंत्रात चार्ज न होणारे लिथियम सेल असताना चार्जिंगची तार लावण्यापूर्वी ते सेल काढून घ्यावेत. चार्ज न होणारा लिथियम सेल कोणत्याही चार्जरमध्ये घालू नये. तो फुटू शकतो आणि पेट घेऊ शकतो.

ऊन, पाऊस आणि थंडी

लिथियमची स्तुती करताना बहुतेक ठिकाणी थंडीचा मुद्दा पुढे केला जातो, आणि हिमालयात जाणाऱ्यांसाठी तो खरा आहे. अल्कलाइन सेलातला विद्राव पाण्याचा असतो, त्यामुळे शून्याच्या आसपास त्याची ताकद झपाट्याने घटते. एकदाच वापरायचा लिथियम सेल मात्र उणे ४० अंशांपर्यंत काम करतो. सातारा जिल्ह्यात एवढी थंडी नसते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात एखाद्या हिवाळी पहाटे दव गोठते, तेवढाच काय तो अपवाद. आपल्याकडे लिथियमचे फायदे वेगळे आहेत: कमी वजन, जास्त तास, न गळणे आणि कपाटात वर्षानुवर्षे टिकणे. नियमित वापरासाठी मी आजही पडून असताना कमी उतरणारे एनआयएमएच सेलच सुचवीन, कारण ते स्वस्त पडतात आणि शेकडो वेळा चार्ज होतात. एकदाच वापरायच्या लिथियमची एक जोडी मात्र प्रत्येकाच्या पिशवीत कायम राखीव असावी.

उन्हाकडे आपल्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते. एकदाच वापरायच्या लिथियम सेलांची कमाल मर्यादा ६० अंश सेल्सिअस आहे. एप्रिल-मे महिन्यांत दहिवडी किंवा म्हसवडच्या बाजूला समपातळी चर मोजायला गेलेल्या माणसाने यंत्र बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवले, तर काचेमागचे तापमान या मर्यादेला टेकू शकते. यंत्र सीटखाली सावलीत ठेवावे, किंवा खांद्याच्या पिशवीत सुती कापडात गुंडाळून बरोबर न्यावे. लिथियम-आयन सेल तर आणखी नाजूक आहेत; उष्णतेत साठवल्यास त्यांची क्षमता कायमची घटते, आणि उन्हात तापलेला सेल थंड होण्यापूर्वी चार्जिंगला लावू नये.

पावसाळ्यात पाथरपुंज, कोयनानगर किंवा महाबळेश्वरच्या बाजूला उघड्यावर सेल बदलण्याची वेळच येऊ देऊ नये. आलीच तर आधी हात आणि यंत्र कोरडे पुसावे, ओणवे होऊन रेनकोटच्या आडोशाला यंत्राच्या खोबणीचे तोंड खाली करून धरावे, म्हणजे वरून ओघळणारे पाणी खोबणीत जाणार नाही, आणि सेल कोरड्या डबीतून थेट यंत्रात जावेत. डबी साधी प्लास्टिकची, खाचा असलेली चालते. सेल सुटे ठेवू नयेत, आणि किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर तर मुळीच नाहीत. दोन्ही टोके धातूने जोडली गेली तर लिथियम सेल वेगाने तापतो.

ज्या नव्या यंत्रांत बॅटरी आतच बसवलेली असते, उदाहरणार्थ गार्मिन जीपीएसमॅप ६७, ज्याला कंपनी १८० तासांपर्यंतचा आकडा देते, त्यांत सेलांच्या निवडीचा प्रश्नच उरत नाही. ती बॅटरी पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली ठेवून महिनोन्महिने कपाटात टाकू नये. साधारण निम्मा चार्ज ठेवून थंड, कोरड्या जागी ठेवावी आणि अधूनमधून तपासावी. पाठीचे आवरण फुगल्यासारखे दिसले तर वापर ताबडतोब थांबवावा.

प्रवासात आणि संपल्यावर

पुण्याहून विमानाने हिमालयाकडे जाणाऱ्यांनी सुटे लिथियम सेल चेक-इन सामानात न टाकता हातातल्या सामानात ठेवावेत, कारण सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या पोटातल्या सामानात ठेवण्यास मनाई आहे. मूळ वेष्टनात किंवा डबीत, टोके एकमेकांना लागणार नाहीत असे ठेवले की तपासणीत सहसा अडचण येत नाही.

संपलेला लिथियम सेल कचऱ्यात, चुलीत, शेकोटीत किंवा पाण्यात टाकू नये. खेड्यापाड्यांत मुले जुने सेल दगडाने फोडून आतली कार्बनची काळी कांडी काढतात; लिथियम सेलात तशी कांडी नसते, धातूरूप लिथियमची पातळ गुंडाळी असते, आणि ती ओलाव्याला लागली की उष्णता व ज्वलनशील हायड्रोजन वायू निर्माण होतो. घरातल्या मुलांना आणि शाळेत जीपीएस हाताळणाऱ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगावी. जंगलात बदललेले सेल मोजून परत आणावेत. घरी त्यांच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून एका कोरड्या बरणीत साठवावेत आणि पुरेसे जमले की ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार पेन्सिल सेलांसारख्या लहान बॅटऱ्याही या व्यवस्थेत येतात आणि त्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. फुगलेला, चेपलेला किंवा वेष्टन फाटलेला सेल मात्र बरणीत इतरांबरोबर ठेवू नये. तो वेगळ्या डब्यात कोरड्या वाळूत पुरून, घराबाहेर सावलीत ठेवावा आणि लवकरात लवकर केंद्राकडे पोहोचवावा.